दोन लेडीज सायकली आणि दाजीपूर

एका सोमवारी सकाळी भाकऱ्या थापता थापता माझ्या नणंदेनं जाहीर केलं, "मी सायकलनं दाजीपूरला जाणार हाय. जंगलात, पार आतपर्यंत. तू येतीस काय?"

मी भाजी निवडत होते. मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण ती चेष्टा करणाऱ्यातली नव्हती. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वय पस्तिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं, आणि तो विषय घरात कुणी काढायचा नाही हा नियम तिनंच घालून दिला होता. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात ती इन्स्पेक्शनला होती. ओतकाम होऊन आलेले पार्ट मोजायचे, मापात नसतील त्यांच्यावर तांबड्या रंगाची फुली मारायची आणि परत पाठवायचे. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरापासून पंचगंगेचा पूल ओलांडून ती रोज सायकलनं कामावर जायची आणि सायकलनंच यायची. पाऊस असो, ऊन असो.

दाजीपूरचं तिच्या डोक्यात आलं ते कारखान्याच्या सहलीवरून. आदल्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळे जीपगाड्या करून अभयारण्यात गेले होते. एका जीपमध्ये अकरा माणसं, वर टेप लावलेला. दिवसभरात त्यांना एक माकड दिसलं. परत निघताना फाटकावरचा वनरक्षक आतून सायकलवरून येताना दिसला. तिनं सहज विचारलं, "काय दिसलं का?" तो म्हणाला, "सकाळधरनं तीन कळप बघितलं गव्यांचं. सायकलीचा आवाज होत न्हाय, ताई."

"झालं," नणंद मला म्हणाली. "तवाच ठरीवलं. मी जातो."

आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. त्यामुळं तिचं बोलणं आधीच ठाम असायचं, ते आणखी ठाम वाटायचं.

मी 'येते' म्हणाले, आणि म्हणाल्यावर मलाच आश्चर्य वाटलं. माझं माहेर गडहिंग्लजजवळचं. हायस्कूलला मी उसाच्या फडांमधून रोज सात किलोमीटर सायकल मारत जायची. लग्न होऊन कोल्हापूरला आले आणि सायकल सुटली ती सुटलीच. सकाळी बालवाडीत शिकवायला जायची ती चालत, आणि लांब कुठं जायचं तर नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून. पाच-सहा वर्षांत माझ्या पायांना काही काम उरलं नव्हतं. जिना चढून गच्चीवर वाळवण घालायला गेले तरी धाप लागायची. तिसावं लागायच्या आत हे असं, याचं मला मनातून फार वाईट वाटायचं, पण बोलून दाखवलं नव्हतं.

माहेरची माझी जुनी सायकल भावानं एसटीच्या टपावर टाकून पाठवून दिली. पेठेतल्या सायकलवाल्यानं टायर बदलले, चेनला तेल घातलं.

घरात गडबड झाली ती अपेक्षेप्रमाणं. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची, आमच्या कर्नाटक सीमेकडची तीच रीत. आत्ती म्हणाल्या, "बायकांनी जंगलात सायकली घिऊन जायचं? काय न्हाय त्ये काडलंय." नवरा म्हणाला, "मी मागनं मोटरसायकल घेऊन येतो. काय झालं तर असू दे."

"मागनं तुझी फटफटी आली तर जनावर थांबंल व्हय?" नणंद म्हणाली.

"पण आक्का, दोघीच?"

"दोघी म्हणजे दोन माणसं झाली की."

आमची चार वर्षांची मुलगी तीन दिवस आत्तींकडं राहणार, एवढं ठरलं आणि आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे निघालो.

रंकाळ्यावरून पुईखडीचा चढ लागला आणि पहिल्याच चढाला मी उतरले. पुढं राधानगरीपर्यंत किती वेळा उतरले ते सांगत नाही. उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जायच्या, ड्रायव्हर वाकून बघायचे. एकानं गाडी हळू करून विचारलं, "पावणं, कुठं निघालासा?" नणंद म्हणाली, "दाजीपूर." तो हसला आणि गाडीतल्या दुसऱ्याला काहीतरी सांगितलं. तोही हसला. नणंद पुढं बघून सायकल मारत राहिली.

रात्री राधानगरीत मुक्काम केला. नणंदेसोबत काम करणाऱ्या एका बाईचं ते माहेर. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्या बाईच्या आईनं आम्हाला गरम पाण्याची बादली दिली आणि म्हणाल्या, "पाय बुडवून बसा अर्धा तास. बोलू नगासा." मी बसल्या बसल्याच झोपले.

दुसऱ्या दिवशी धरणाच्या पाण्याकडेकडेनं, वळणं घेत, दुपारच्या आत आम्ही दाजीपूरच्या फाटकाशी पोचलो. मांड्या भरून आल्या होत्या, पण पोचलो होतो. फाटकाच्या आत तांबडा मातीचा रस्ता दिसत होता. दोन्ही बाजूंनी झाडं इतकी दाट की रस्ता थोडा पुढं जाऊन अंधारात शिरल्यासारखा वाटत होता.

तोच वनरक्षक बाहेर आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नणंदेनं सांगितलं, आम्हाला आत जायचंय, सायकलवरून, पास द्या. तो नाही म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "ताई, सायकल जरा हिकडं घ्या."

त्यानं नणंदेच्या सायकलचा ब्रेक दाबला. ब्रेक सरळ मुठीला जाऊन टेकला. मग माझ्या सायकलचा दाबला. तोही टेकला. मग त्यानं खाली वाकून चाकाजवळचं ब्रेकचं रबर नखानं खरवडलं.

"आत दोन मोठं उतार हायत," तो म्हणाला. "मोकळा मुरूम हाय. ह्या ब्रेकावर उतरलासा तर तुमी थांबणार न्हाईसा. आणि म्होरं जनावर आलं तर त्ये बी बाजूला व्हणार न्हाय. मी सोडत न्हाय."

"आम्ही कोल्हापूरपासनं आलोय सायकल मारत," नणंद म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"व्हय. डांबरावरनं आलासा."

मला वाटलं, आता भांडण होणार. पेठेत ती भाजीवाल्याशी वजनावरून भांडायची तेव्हा चार घरं बाहेर यायची. पण ती गुडघ्यावर बसली. आपल्या सायकलची रबरं बघितली, मग माझ्या. बोटानं जाडी अजमावली, जशी कामावर अजमावत असेल. उठून हात झटकले आणि म्हणाली, "बरोबर हाय. नापास. दोन्ही."

वनरक्षकानं आम्हाला चहा दिला. आम्ही तो उभ्यानंच प्यालो आणि सायकली वळवल्या.

परतीच्या वाटेवर मला रडू येत होतं. एवढं अंग मोडून आलो आणि फाटकावरूनच माघारी. धरणाचं पाणी दिसायला लागलं तिथं नणंद थांबली, बाटलीतलं पाणी प्याली आणि म्हणाली, "तो माणूस बरोबर होता. मी रोज धा जणांचा माल परत पाठवतो. त्यांस्नी असंच वाटत असंल."

"मग आता?"

"मग काय? माल सुधारायचा आणि परत आणायचा."

घरी पोचल्यावर आत्तींनी विचारलं, "मिटलं न्हवं आता खूळ?"

उत्तर मी दिलं. "न्हाय आत्ती. पुढल्या हिवाळ्याला जाणार."

त्या घरात माझं इतकं मोठ्यानं बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं. आत्तींनी माझ्याकडं नीट बघितलं आणि ताट वाढायला घेतलं.

उन्हाळ्यात तो रस्ता झेपणारा नव्हता आणि पावसाळ्यात अभयारण्य बंदच असतं, त्यामुळं आमच्याकडं जवळजवळ वर्ष होतं. नणंदेनं ते वर्ष कारखान्यातल्या कामासारखं आखलं. सायकलवाल्याकडं जाऊन दोन्ही सायकलींना नवे ब्रेक बसवून घेतले आणि बसवताना त्याच्या डोक्याशी उभी राहिली. मग म्हणाली, मागच्या चाकाचं दातेरी चक्र बदल, जास्त दात्यांचं बसव. सायकलवाला म्हणाला, "आक्का, वेग जाईल."

"वेग कुणाला पायजे? चढाला पाय हलका पडाय पायजे. दाते वाढव."

त्याच्याकडं तसं चक्र नव्हतं. तिनं तीन दुकानं हिंडून दोन शोधून आणली. बदलल्यावर सपाटीवर आमचे पाय भराभर फिरायचे आणि सायकल मात्र रमतगमत चालायची. पेठेतली तालमीची पोरं कट्ट्यावरून हसायची. पण चढाला फरक कळायचा.

सराव सोमवारी, तिच्या कारखान्याच्या सुट्टीदिवशी. बालवाडी सुटली की मी घरी यायची, जेवण उरकून आम्ही दोघी निघायचो. आधी नुसती पुईखडी. मग जोतिबाच्या बाजूचा रस्ता. मग वाघबिळावरून पन्हाळ्याचा चढ. पन्हाळ्याच्या चढाला मी पहिल्यांदा गेले तेव्हा निम्म्याहून जास्त रस्ता सायकल ढकलत नेली. मी विजेच्या खांबांवरून मोजायला लागले. आज सातव्या खांबापाशी उतरले, तर पुढच्या वेळी आठव्यापाशी. कधी दोन खांब मागं यायची. त्या दिवशी घरी येऊन कुणाशी बोलायची नाही. ऑक्टोबर संपता संपता एका सोमवारी मी पाय न टेकता वरपर्यंत गेले. वर तटाशी सायकल टेकवली आणि उभी राहिले. नणंद आधीच पोचली होती. तिनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. कारखान्यात चांगल्या मालाला ती याहून जास्त काही करत नसणार.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत निघालो. या वेळी राधानगरीपर्यंत मी दोनदाच उतरले, आणि दोन्ही वेळा पाणी प्यायला. मुक्काम त्याच घरी. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी निघून नऊच्या सुमारास फाटकाशी आलो.

वनरक्षकानं ओळखलं. पुढं होऊन त्यानं ब्रेक दाबले. मग माझी सायकल थोडी पळवत नेऊन ब्रेक मारला. चाक जागच्या जागी थांबलं.

"आता सोडतो," तो म्हणाला. "पर एकट्या न्हाय. मी येतो संगं."

त्यानं आतून स्वतःची सायकल काढली. जुनी, दांडीची, मागं कोयता बांधलेला. पुढं तो, मधे मी, शेवटी नणंद, असे आम्ही त्या तांबड्या रस्त्याला लागलो.

डांबरावर सायकल चालवणं आणि तिथं चालवणं यात फार फरक होता. सायकलच्या चाकाखाली मुरूम सरकायचा. जांभ्या दगडाचे डोके रस्त्यातून वर आलेले असायचे, ते चुकवावे तर कडेच्या भुग्यात चाक रुतायचं. हँडल घट्ट धरलं तर हात बधिर व्हायचे, सैल सोडलं तर सायकल आपल्या मनानं जायची. वनरक्षक मागं न बघता सांगायचा, "नदर लांब ठिवा. चाकाकडं बघू नगा. जिकडं बघाल तिकडंच सायकल जाती."

वर जांभळी, हिरड्याची, अंजनीची झाडं एकमेकांत मिसळली होती. खाली ऊन अगदी थोडं पडायचं. थंडी होती, पण चढाला पाठ घामानं भिजायची. आमच्या श्वासाशिवाय आणि मुरमाच्या करकरीशिवाय आवाज नव्हता. एका ठिकाणी त्यानं हात वर करून थांबवलं आणि झाडावर बोट दाखवलं. शेकरू होतं, तांबूस शेपटी खाली सोडून बसलेलं. आम्ही बघितलं आणि पुढं निघालो.

पहिला उतार नीट उतरलो. दुसऱ्या उताराला मी घाबरले आणि नको तिथं, वळणावर, पुढचा ब्रेक दाबला. चाक मुरमात घसरलं. मी डाव्या अंगावर पडले आणि सायकल माझ्यावर पडली.

नणंद सायकल टाकून पळत आली. कोपरापासून मनगटाकडं कातडं सोललं होतं आणि त्यात तांबडी माती भरली होती. हाड शाबूत होतं. तिनं पाण्यानं धुतलं, ओढणीची पट्टी फाडून बांधली. बांधलेली पट्टी तिनं दोनदा सोडून परत बांधली. मला ती नेहमी लोखंडाची वाटायची.

"परत फिरू," ती म्हणाली. "माझ्या नादानं आलीस तू. तुझ्या हाताला काय झालं तर तुझ्या पोरीला काय तोंड दाखवू?"

वनरक्षक आपली सायकल धरून बाजूला उभा राहिला. ठरवायचं ते आम्हीच, असं त्याच्या उभं राहण्यातून कळत होतं.

मी उठले. पाय हलवून बघितले. सायकलचं हँडल थोडं फिरलं होतं, ते पुढचं चाक गुडघ्यात धरून सरळ केलं. हात ठणकत होता. पण पन्हाळ्याचे ते सगळे खांब मी कशासाठी मोजले होते?

"वन्सं," मी म्हणाले, "पायडल काय कोपरानं मारायचं न्हाय. चला."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मोठ्यानं हसली. वनरक्षकानं लगेच तोंडावर बोट ठेवलं, तशी गप्प झाली.

पुढं चढ होता. हात दुखत असल्यानं मी हँडल नुसतं टेकून धरलं होतं आणि गंमत म्हणजे त्यामुळंच सायकल सरळ चालली. मी पुढं बघत होते, चाकाकडं नाही. त्या चढाला मी उतरले नाही. वनरक्षक मात्र उतरला आणि चालायला लागला. म्हणाला, "माझ्या चक्राला दातं कमी हायत."

चढ संपल्यावर तो परत सायकलवर बसून पुढं झाला, वळण घेतलं आणि एकदम थांबला. आम्हीही थांबलो.

रस्त्यात गवा उभा होता. आमच्यापासून फार तर साठ-सत्तर पावलांवर. मी चित्रात बघितलेला होता, पण चित्रात वजन कळत नाही. काळाभोर, खांद्यावर उंचवटा, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. कडेच्या कारवीच्या झुडपांत फांद्या मोडल्याचे आवाज येत होते, म्हणजे कळप आत होता. त्यानं मान वळवून आमच्याकडं बघितलं आणि तसाच उभा राहिला.

"हलू नगा," वनरक्षक ओठातल्या ओठात म्हणाला. "त्येची वाट हाय. त्यो जाईस्तोवर उभं ऱ्हायचं."

आम्ही उभ्या राहिलो. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण माझा टेकलेला पाय बधिर होऊन परत ताळ्यावर आला एवढा. माझ्या कोपरावर माशी बसली होती, ती हाकलायचीही सोय नव्हती. माझ्या उजव्या मनगटावर नणंदेचा हात होता. घरात कुणी पाच मिनिटं उशीर केला तर चपला घालून एकटी निघून जाणारी ती, पण त्या दिवशी तिथं पापणीसुद्धा न हलवता उभी होती.

मग कारवीतून एक गाय बाहेर आली, तिच्यामागं तांबूस रंगाचं वासरू. आणखी दोन गायी. सगळी रस्ता ओलांडून उताराकडच्या झाडीत गेली. नर सगळ्यात शेवटी हलला. त्यानं नाकातून जोरात हवा सोडली, ती आम्हाला ऐकू आली. दोन ढांगांत तो झाडीत गेला आणि एवढं मोठं जनावर दिसेनासं झालं.

वनरक्षकानं आणखी थोडा वेळ थांबायला लावलं, मग मान हलवली. मी नणंदेकडं बघितलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"काय झालं वन्सं?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "सायकलवर आलो म्हणून थांबला त्यो. जीपमधनं आलो असतो तर त्येची शेपटी बी दिसली नसती."

पुढं सड्यावर गेलो. सडा म्हणजे डोंगरावरचं उघडं पठार, जांभ्या खडकाचं, पिवळ्या गवताचं. त्याच्या टोकाशी उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. आम्ही तिघांनी भाकरी, खर्डा आणि दही खाल्लं. वनरक्षकानं मला विचारलं, "ताई, हात कसा हाय?" मी म्हणाले, "दुखतोय. पण भाकरी धरता येतीय." त्यानं आपल्या डब्यातली गुळाची ढेप फोडून निम्मी मला दिली.

संध्याकाळपर्यंत आम्ही राधानगरीला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला. समोरून वारा होता. भोगावतीपाशी नणंद म्हणाली, तू पुढं हो, मी तुझ्या मागं वारा चुकवत येतो. याआधी असं कधी झालं नव्हतं. मी पुढं झाले आणि थेट पुईखडीपर्यंत पुढंच राहिले. मागून दोनदा हाक आली, "अगं जरा हळू मार की!"

घरी नवऱ्यानं आधी माझा हात बघितला, मग सायकल बघितली आणि डॉक्टरकडं घेऊन गेला. वाटेत तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून जावा." आत्तींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "केवढा होता गं गवा?" आम्ही दोघी एकदमच सांगायला लागलो.

त्यानंतर जवळजवळ दर हिवाळ्यात गेलो. मधल्या एका वर्षी माझी मुलगी आजारी होती, तेव्हा नणंद कारखान्यातल्या दोघींना घेऊन गेली. त्यांच्याही सायकली तिनं आधी स्वतः तपासल्या, आणि एकीला ब्रेक बदलून आणायला लावले. तो वनरक्षक निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेला तरुण माणूस आम्हाला बघून आधी गोंधळला, पण आम्ही रजिस्टरात नावं लिहीपर्यंत त्यानं आपली सायकल काढली होती.

दोन हजार सहा-सातच्या सुमारास नणंदेची कंबर धरली. मणक्यात दोष आहे, वाकून सायकल चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या वर्षी ती गेली नाही. कामावरही बसनं जायला लागली. घरात कुणी दाजीपूरचं नाव काढत नव्हतं, तीही काढत नव्हती. मला वाटलं, संपलं हे.

पावसाळ्यानंतर एका सोमवारी ती डॉक्टरांकडं गेली आणि त्यांना विचारून आली, "वाकायचं न्हाय म्हणालासा. ताठ बसून चालतंय काय?" डॉक्टर म्हणाले, हळूहळू, कमी अंतर, ताठ बसून, बघा. तिथून ती सरळ सायकलवाल्याकडं गेली. हँडलचा दांडा वीतभर उंच करून घेतला, सीट रुंद बसवून घेतली. डिसेंबरात आम्ही निघालो. दाजीपूरपर्यंत एसटीनं, सायकली टपावर. फक्त जंगलातला रस्ता सायकलवरून. तोही दर दोन वळणांनंतर थांबत, कारण मी थांबायला लावत होते.

त्या वर्षी गवा दिसला नाही. शेणाचे ताजे पो दिसले, रस्त्यात खुरांच्या खुणा दिसल्या. सड्यावर पोचायला आम्हाला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. नणंद खडकावर पाय पसरून बसली, कंबरेला हात लावून बघितला आणि म्हणाली, "दुखतीय. पण जेवढी घरी दुखती तेवढीच दुखतीय."

मग तिनं डबा उघडला आणि भाकरीचे दोन भाग केले.